समुद्रातलं तेल आणि आपल्या छातीतली राख

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजा-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका बाजूला कलली, तिच्यावरचे कंटेनर समुद्रात घसरले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात मिसळलं. काही कंटेनरमध्ये कीटकनाशकं होती. तेलाचा तवंग किनाऱ्यावर आणि तिवरांच्या मुळांपर्यंत पोचला. मासेमारी थांबली, मासे खाऊ नका अशा सूचना निघाल्या. आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहतो, तरी ते काळं पाणी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

त्याच वर्षी, सात महिने आधी, आणखी एक बातमी आली होती. ती आपल्या चंद्रपूरची होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी दिल्लीच्या मदतीने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना हवा, पाणी आणि जमीन यांच्या प्रदूषणावरून शंभरपैकी गुण दिले होते. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे नापास. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर देशात चौथा आणि महाराष्ट्रात पहिला क्रमांक. १३ जानेवारी २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा ४३ 'अतिप्रदूषित' क्षेत्रांत नव्या उद्योगांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवल्या.

आता तुम्हीच आठवून पाहा. मुंबईचं तेल तुम्हाला आठवतं. चंद्रपूरचा ८३.८८ हा आकडा किती जणांना आठवतो?

आजचा लेख या फरकाबद्दल आहे. जे सांडलेलं दिसतं त्यासाठी कायदे होतात, खटले चालतात, भरपाई मागितली जाते. जे दिसत नाही ते आधी मोजावं लागतं, कागदावर आणावं लागतं, मगच त्याच्याबद्दल कुणाला जाब विचारता येतो. आपल्या दोन जिल्ह्यांत हे काम कसं झालं, कुठे राहिलं, आणि त्यात रुग्ण म्हणून तुमची नोंद किती महत्त्वाची आहे, ते पाहू.

तेल सांडल्यानंतर काय घडतं?

२८ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावासमोर समुद्रातली तेलविहीर फुटली. तेलाने माखलेले पक्षी किनाऱ्यावर तडफडताना घराघरांतल्या टीव्हीवर दिसले. गेलॉर्ड नेल्सन नावाच्या सिनेटरने तो किनारा पाहिला आणि पुढच्या वर्षी २२ एप्रिलला पहिला वसुंधरा दिन झाला. आपल्या शाळांमध्ये आज मुलं चित्रं काढतात, झाडं लावतात, त्या दिवसामागे एक तेलगळती आहे. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्झॉन वाल्डेझ' हे जहाज खडकावर आपटलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने तेल प्रदूषणाचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४ ची आणि पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. आधी अपघात आणि मग कायदा, हा क्रम सगळीकडे दिसतो.

पण डॉक्टर म्हणून मला यातली दुसरी बाजूही सांगायला हवी. तेलगळतीतही जे दिसतं तेवढंच लक्षात राहतं. २००२ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ 'प्रेस्टिज' जहाज फुटलं, तेव्हा हजारो मच्छीमार स्वतः तेल काढायला उतरले. किनारे स्वच्छ झाले, कॅमेरे परत गेले. पुढे डॉक्टरांनी या मच्छीमारांची तपासणी केली. ज्यांनी सफाईचं काम केलं होतं त्यांच्यात खोकला, धाप, छातीतली घरघर हे त्रास इतरांपेक्षा जास्त आढळले, आणि तेही काम संपून वर्ष उलटल्यावर. पक्ष्यांचे फोटो जगभर गेले होते. मच्छीमारांचा खोकला मात्र कुणीतरी जाऊन विचारला तेव्हाच कळला.

कोळशाचं जहाज आणि एक ढोबळ हिशेब

चित्राच्या अपघाताला वर्ष होतं ना होतं तोच, ४ ऑगस्ट २०११ रोजी 'एमव्ही राक' हे जहाज मुंबईजवळ बुडालं. त्याच्या टाक्यांमध्ये इंधन तेल होतं आणि पोटात ६० हजार टनांहून अधिक कोळसा. हा कोळसा गुजरातमधल्या दहेजला जायचा होता. तेल किनाऱ्यावर आलं, कोळसा समुद्राच्या तळाशी राहिला.

मधल्या काळात, १८ ऑक्टोबर २०१० पासून, राष्ट्रीय हरित लवाद अस्तित्वात आला होता. पर्यावरणाच्या खटल्यांसाठी हे वेगळं न्यायपीठ. समीर मेहता या पर्यावरण कार्यकर्त्याने लवादाकडे दाद मागितली. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल आला: जहाजाशी संबंधित कंपन्यांनी १०० कोटी रुपये आणि कोळसा ज्यांचा होता त्या अदानी एंटरप्रायझेसने ५ कोटी रुपये पर्यावरणाच्या नुकसानीपोटी द्यावेत. जो घाण करेल तो भरेल, हे तत्त्व लवादाने तिथे लावलं. समुद्राच्या तळाशी पडून राहिलेला कोळसाही प्रदूषणच आहे, असं त्याने मानलं.

आता एक हिशेब करू. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची, म्हणजे आपल्या 'थर्मल'ची, क्षमता २९२० मेगावॉट आहे. सगळे संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर साधारण ७ कोटी युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला तर एका दिवसाचा कोळसा ४५ ते ५० हजार टन होतो. सगळे संच रोज पूर्ण चालत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी असतो. तरीही अंदाज येतो. एमव्ही राकमधून जेवढा कोळसा समुद्रात गेला आणि ज्यासाठी शंभर कोटींचा निकाल लागला, तेवढा कोळसा आपल्या थर्मलला पूर्ण क्षमतेने चालताना दीड दिवसही पुरत नाही. आपल्या देशी कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे पूर्ण क्षमतेच्या एका दिवसाची राख १५ हजार टनांच्या आसपास जाते. तिच्यातली बहुतेक राख यंत्रांनी पकडली जाते, पाण्यात कालवून पाइपाने राखेच्या तळ्यात नेली जाते किंवा सिमेंट आणि विटांसाठी उचलली जाते. उरलेली कुठे जाते, ते दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे सांगतात.

आपल्या गळतीला तारीख नाही

वरोऱ्याची कोळसा खाण इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात सुरू केली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा, दुर्गापूर असा खाणींचा पट्टा वाढत गेला. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली 'वेकोलि', स्थापन झाली. थर्मलचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, पर्यावरण संरक्षण कायद्याच्या तीन वर्षं आधी. त्यानंतर संच वाढत गेले. जुने दोन बंद झाले, त्यांच्यापेक्षा मोठे दोन आले. सिमेंटचे कारखाने, कागदाची गिरणी, लोखंडाच्या भट्ट्या, कोळशाची ट्रकवाहतूक हे सगळं त्याच हवेत.

यात 'अमुक दिवशी गळती झाली' असं सांगता येत नाही. त्यामुळे वर्धापनदिन नाही, पुतळा नाही, नुकसानभरपाईची यादी नाही. २०१० ची बंदी हा पहिला प्रसंग होता जेव्हा सरकारने स्वतःच्याच आकड्याने मान्य केलं की इथे काहीतरी सांडलेलं आहे. कृती आराखडे सादर झाले, बंदी पुढे उठली. २०१८ च्या मोजणीत चंद्रपूरचे गुण ७६.४१ आले. म्हणजे अजूनही ७० च्या वरच. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातही हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत चंद्रपूर आहे.

एक गोष्ट इथे स्पष्टपणे सांगतो. या भागातल्या असंख्य घरांची चूल थर्मल आणि वेकोलिवर पेटते. वडील खाणीत, मुलगा कंत्राटी कामावर, सून दम्याची रुग्ण, असं एकाच घरात असतं. म्हणून प्रदूषणावर बोलणारा माणूस घरातच गप्प बसवला जातो. 'कारखाना बंद करा' आणि 'खोकला सहन करा' असे दोनच रस्ते आहेत असं मानू नका. धूळ पकडणारी यंत्रं नीट चालवणं, गंधक काढणारी यंत्रणा बसवणं, कोळशाचे ट्रक झाकणं, राखेचं तळं पक्कं बांधणं, या सगळ्या तिसऱ्या रस्त्यावरच्या गोष्टी आहेत. त्या खर्चिक आहेत, म्हणून त्या मागाव्या लागतात. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी गंधक आणि धुळीचे नवे निकष आले, मुदत दोन वर्षांची होती. ती मुदत पुनःपुन्हा वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली.

शरीरात नेमकं काय होतं?

हवेतले मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. शिंक येते, घसा खवखवतो, काळपट शेंबूड येतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासनलिकांपर्यंत जातात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते फुप्फुसातल्या सर्वांत खोल पिशव्यांपर्यंत पोचतात आणि त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून प्रदूषणाचा आजार फक्त छातीचा नसतो. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढतो.

गंधकाचा वायू श्वासनलिका आकुंचित करतो, त्यामुळे दमेकऱ्यांना पहाटे आणि थंडीत जास्त त्रास होतो. थंडीत हवा जमिनीलगत कोंडून राहते, हेही त्याचं एक कारण. खाणीतल्या आणि दगड फोडण्याच्या कामातल्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो, आणि अशा फुप्फुसात क्षयरोग लवकर शिरतो.

भारतात पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ सुचवली. म्हणजे 'मर्यादेत आहे' या शब्दाने पूर्ण निश्चिंत होऊ नका.

रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, माझा खोकला थर्मलमुळेच आहे ना?" याचं खरं उत्तर असं आहे: एका माणसाबद्दल ते खात्रीने सांगता येत नाही, गावाबद्दल सांगता येतं. समजा एका वस्तीत दम्याचे १०० रुग्ण आहेत आणि तेवढ्याच लोकसंख्येच्या, तशाच राहणीच्या पण स्वच्छ हवेच्या वस्तीत ६० आहेत. तर ४० रुग्ण जास्त आहेत हे नक्की. पण शंभरातले ते ४० कोण, हे कुठलीही तपासणी सांगत नाही. कारखान्याचा वकील प्रत्येकाकडे बोट दाखवून म्हणू शकतो, हा बिडी ओढतो, हिच्या घरी चूल आहे. आणि तेही खरं असतं! बिडी, चुलीचा धूर आणि बाहेरची हवा यांचे धोके एकमेकांत मिळतात. एक खरा असला म्हणून दुसरा खोटा ठरत नाही. म्हणूनच अशा आजाराचा पुरावा फक्त मोजणीतून मिळतो.

लंडनने मृत्यू मोजले

कोळशाच्या धुराबद्दल जगाला पहिला मोठा धडा डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये मिळाला. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस शहरावर दाट धुरकं बसलं. लंडनकरांना धुक्याची सवय होती, त्यामुळे ते चालू असताना फारसा गाजावाजा झाला नाही. नंतर मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं की नेहमीपेक्षा सुमारे ४००० माणसं जास्त मेली होती. त्यानंतरच्या महिन्यांतही मृत्यू जास्तच राहिले, पण ते सरकारने इन्फ्लुएन्झाच्या नावावर टाकले. पुढच्या संशोधकांनी तेही मोजून एकूण आकडा १२ हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

त्या धुराला कुणी गुन्हेगार म्हणून पकडलं नव्हतं. मृत्यूच्या नोंदवह्या नीट ठेवलेल्या होत्या, म्हणून तो सापडला.

नोंदीची ताकद काय असते, हे आपल्या गडचिरोलीनेही दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावागावांत जन्म आणि बालमृत्यू मोजायला सुरुवात केली. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू कमी होतात, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केलं. १९९० मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आधी मोजणी नसती तर 'आदिवासी भागात मुलं मरतातच' हे वाक्य तसंच चालू राहिलं असतं.

धरण, जंगल आणि अभ्यास गट

आपल्या भागातली पर्यावरणाची चळवळ थर्मलच्या धुरापासून सुरू झाली नाही. ती पाण्यापासून आणि जंगलापासून सुरू झाली. १९८० च्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं येणार होती. गडचिरोली आणि बस्तरमधली गावं आणि जंगल त्यात बुडणार होतं. बाबा आमटे, लालश्याम शाह आणि हजारो आदिवासी 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत रस्त्यावर उतरले. दोन्ही प्रकल्प बाजूला पडले.

त्या चळवळीतून धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने एक सवय उचलली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने 'अभ्यास गट' चालवला. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, कुणी काय नेलं, यावर लोक बसून बोलायचे आणि सर्वसहमतीने ठरवायचे. वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मेंढ्याने आधी अभ्यास केला आणि मग मागणी केली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वाघ दिसतो, खोकला दिसत नाही

चंद्रपूर शहराजवळच्या लोहारा जंगलात, ताडोबापासून फार दूर नसलेल्या भागात, अदानी समूहाला तिरोड्याच्या वीज प्रकल्पासाठी कोळसा खाण मिळणार होती. २००९ मध्ये 'इको-प्रो' संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, शहरातल्या अनेक संस्था आणि सामान्य माणसं त्यांच्या मागे उभी राहिली. मुद्दा होता वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेचा. २००९ च्या अखेरीस आणि २०१० च्या सुरुवातीला केंद्राने त्या खाणीच्या मंजुरीची प्रक्रिया मागे घेतली.

त्या आंदोलनाचा मला आदर आहे. त्या जंगलाने वाघाबरोबर आपल्याही श्वासाची थोडी राखण केली. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट जाणवते. लोहाऱ्यात जिंकायला वाघ होता. वाघाचे पंजे मोजलेले होते, कॅमेऱ्यात फोटो होते, नकाशावर वाट होती. दुर्गापूरच्या किंवा घुग्घुसच्या मुलांच्या फुप्फुसांची तशी वर्षानुवर्षांची नोंदवही कुणाच्या हातात नाही. जंगलासाठी जे पुरावे गोळा झाले ते छातीसाठी गोळा झाले नाहीत.

आणि मग खरोखरच राख सांडली

जुलै २०२२ मध्ये तेलगळतीसारखीच गळती आपल्या शेजारी घडली. फक्त तेलाऐवजी राख होती. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक केंद्रं आहेत. १६ जुलैला मुसळधार पावसात खसाळ्याच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला. राखेचं पाणी शेतांत, गावांत शिरलं आणि कोलार नदीतून कन्हानकडे गेलं. कन्हानचं पाणी नागपूर शहर पितं. पुढे गोसीखुर्दच्या वरच्या अंगाला कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगा चंद्रपूर व गडचिरोलीच्या मधून वाहते. नकाशावर हे सगळं एकच पाणी आहे.

पण कोराडीची गोष्ट बांध फुटण्याच्या दिवशी सुरू होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नागपूरची सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, मंथन अध्ययन केंद्र आणि असर या संस्थांनी आसपासच्या गावांतून पाण्याचे नमुने तपासून अहवाल काढला होता. पाण्यात आर्सेनिक, पाऱ्यासारखे घातक घटक आढळले होते, आणि गावकऱ्यांनी श्वासाचे व कातडीचे त्रास सांगितले होते. त्या अहवालानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नांदगावच्या राखेच्या तळ्यात राख टाकणं थांबवण्याचा आदेश दिला. पाच महिन्यांनी दुसरीकडचा बांध फुटला, तेव्हा 'हे अचानक झालं' असं कुणाला सहज म्हणता आलं नाही. कागद आधीच तयार होता. २०२३ च्या मे महिन्यात कोराडीत नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली, तेव्हाही आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात तो होता.

तुम्ही काय करू शकता?

आधी तब्येतीचं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तो 'धुरामुळे' म्हणून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, क्षयरोग आहे का ते आधी पाहा. धाप लागत असेल तर एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, करून घ्या. डॉक्टरांकडे जाल तेव्हा काम काय करता, किती वर्षं, कुठल्या विभागात, हे आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. खाणीत, क्रशरवर, राखेच्या वाहतुकीवर काम केलेलं असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. इन्हेलर दिला असेल तर बरं वाटलं म्हणून बंद करू नका. घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. रुमालाने पीएम २.५ अडत नाही, त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. बिडी सोडा. चुलीच्या जागी गॅस वापरता येत असेल तर वापरा. आपल्या बाजूचा धोका कमी केला की दुसऱ्याला विचारणंही सोपं जातं.

आता नोंदीचं.

घरात दम्याचा रुग्ण असेल तर कॅलेंडरवर साधी खूण करा: आज धाप लागली, आज रात्री उठावं लागलं, आज शाळा किंवा मजुरी बुडाली. मोबाइलवर त्या दिवसाचा हवेचा निर्देशांक दिसतो, तोही लिहा. सहा महिन्यांचं असं कॅलेंडर तुमच्या डॉक्टरला औषध ठरवायला उपयोगी पडतंच. आणि एका वस्तीतली पन्नास कॅलेंडरं एकत्र ठेवली तर ती त्या वस्तीच्या आजाराची नोंद होते.

परिसरात नवा प्रकल्प किंवा विस्तार येत असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो. सुनावणीत बोलता येतं आणि लेखीही देता येतं. लेखी द्या, आणि पोच घ्या. तिथे एक प्रश्न जरूर विचारा: या भागात श्वासाचे किती रुग्ण आहेत, हे अहवालात कुठे लिहिलं आहे? चालू कारखान्याला प्रदूषण मंडळाने काय अटी घातल्या आणि मोजमापं काय आली, हे माहिती अधिकारात मागता येतं. नुकसान झालं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. भरपाईसाठी पाच वर्षांची आणि इतर वादांसाठी सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून उशीर करू नका.

आपल्या भागात उद्या पुन्हा एखादी सुनावणी होईल. मंडपात कंपनीचे लोक रंगीत तक्ते घेऊन येतील. कुणीतरी उठून म्हणेल, "इथे सगळ्यांना खोकला आहे." अधिकारी ते ऐकून घेतील आणि पुढच्याला बोलावतील. तुमच्या हातात त्या वेळी तारीखवार लिहिलेले कागद असतील, तर ते त्यांना इतिवृत्तात घ्यावे लागतील.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासासाठी औषध सुरू करण्याआधी किंवा बंद करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटा.)